उंची कुठून मोजायची

शेळ्यांच्या गोठ्याची जाळी पक्की करायला बोलावतात, तेव्हा बहुतेकांचं मागणं एकच असतं: ‘अजून तीन फूट उंच करा.’ जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात माझं फॅब्रिकेशनचं काम. इथे धरणांचं पाणी आलं, पाण्यामागे ऊस आला आणि उसात बिबट्या राहू लागला. आठ फूट उंची त्याला जड नाही. म्हणून मी टेप काढण्याआधी गोठ्याला बाहेरून फेरी मारतो. जाळीला टेकून कडब्याची गंजी असते, विटांचा ढीग असतो, वर बाभळीची फांदी झुकलेली असते. तीन फुटी ढिगापाशी सहा फुटांची जाळी तीनच फूट उरते. उंची पंजा टेकतो तिथून मोजायची. ढीग हलवला, फांदी छाटली की निम्मं काम फुकटात होतं. गिऱ्हाइकाला हे आधी सांगायलाच हवं, बिल कमी झालं तरी.

मग जाळी. चेन लिंकच्या मोठ्या डोळ्यात नखं धरतात, बाहेरच्या आडव्या अँगलवर पाय मिळतो. आडवा अँगल मी कापून आतल्या बाजूने घेतो, बोल्टची नटंही आतच ठेवतो. बाहेरून खाली पत्रा, वर बारीक वेल्डमेश. तीन इंच बाय अर्धा इंच डोळ्याची, चार मिलिमीटर तारेची जाळी मिळते, त्यात पंजा शिरतच नाही. महाग पडते, म्हणून निदान शेळ्या बांधतात त्या बाजूला तरी लावा म्हणतो. चारही बाजू पत्र्याने बंद करा, असा हट्ट काहीजण धरतात. तो मी मानत नाही. लेंड्या-मुताचा वास कोंडला की शेळ्यांना खोकला धरतो.

पण खरी राखण छताची. वरून जाळी पक्की बांधली, की बिबट्या चढला तरी आत उतरायला वाट नाही. छताच्या गॅल्व्हनाइज्ड पाइपला वेल्डिंगचा टाका मारला की तिथलं जस्त जळतं, पहिल्याच पावसाळ्यात गंज धरतो. म्हणून प्रत्येक टाका घासून त्यावर झिंकचा रंग द्यायचा.

काचा, खिळे, घरच्या लाइनचा करंट मी लावत नाही. 1972च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण बिबट्याला आहे, आणि करंटच्या तारेला हात लागतो तो बहुधा घरच्याच माणसाचा.

शेवटी दार. चौकटीच्या वरची वीतभर फट बुजेपर्यंत मी हिशेबाचं बोलत नाही.