गुडघ्यांशी गोडीगुलाबी

माणसाचे वय चेहऱ्यावर दिसते असे म्हणतात. आम्हा बायकांच्या बाबतीत ते आधी गुडघ्यांत ऐकू येते. पाटावरून उठताना जमिनीला हात टेकावा लागला, कटकन आवाज झाला आणि नकळत तोंडून ‘आई गं’ निघाले, की समजावे, पाहुणा घरात शिरला आहे आणि तो आता मुक्कामालाच आला आहे. आमच्या खानापुरात मराठी घरांत त्याला गुडघेदुखी म्हणतात आणि शेजारच्या कानडी घरात मोणकालू नोवू. नावे दोन, कळ मात्र एकच.

आमचा तालुका भाताचा आणि पावसाचा. चिखलात वाकून रोप लावण्यात, उकिडवे बसून भांगलण्यात इथल्या बायकांचा जन्म गेला. घरी आल्यावर चूल, विळी, सारवण हेही जमिनीवरच. गुडघे दुमडून वर्षानुवर्षे कष्ट करणाऱ्यांना सांध्यांच्या झिजेचा हा विकार अधिक होतो, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक होतो, असे वैद्यकशास्त्र सांगते. माझे आयुष्य शाळेत फळ्यापुढे उभे राहण्यात गेले; पण घरची विळी काही सुटली नव्हती. साठी उलटली आणि दोन्ही गुडघे बोलू लागले.

बेळगावच्या डॉक्टरांनी क्ष-किरणांचे चित्र पाहिले आणि ते म्हणाले, “बाई, हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा झिजली आहे, ती पुन्हा पूर्वीसारखी होणार नाही. पण चित्राला भिऊ नका. चित्रात झीज पुष्कळ आणि दुखणे थोडे, असेही असते.” पुढे त्यांनी सांगितलेली गोष्ट माझ्या मनात कायमची बसली. कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. सांध्यात वंगणासारखा जो द्रव असतो, त्यातूनच तिचे पोषण होते. पाऊल टेकले की ती स्पंजासारखी दाबली जाते, उचलले की द्रव शोषून घेते. म्हणजे चालणे हेच तिचे अन्न!

घरोघरी कायदा मात्र याच्या उलट असतो. “आई, तुम्ही उठू नका, मी आणते,” हे सुनेचे वाक्य मायेचेच. पण ही माया माणसाला खुर्चीला जखडते. आधी पाण्याचा तांब्या दुसऱ्याने आणायचा, मग परडीतली फुले, मग बाजार, मग हळदीकुंकवाला जाणेही बंद. एकेक करीत आपलेच घर आपल्याला परके होते. शिवाय मांडीचे स्नायू वाळतात आणि गुडघ्याला सावरणारे तेच असल्यामुळे दुखणे वाढते. मी सुनेला म्हटले, “मला उठू दे, फक्त जमिनीवरून उठायची वेळ आणू नकोस.”

तेवढ्या एका वाक्यावर घराची मांडणी बदलली. विळी माळ्यावर गेली आणि ओट्याशी उंच स्टूल आले. देव्हारा भिंतीवर हाताच्या उंचीला आला. देवाने त्याबद्दल तक्रार केली नाही. लांब दांड्याचे पुसणे, न्हाणीघरात भिंतीला पकडायची दांडी आणि खुर्चीसारखे शौचपात्र, एवढा काय तो खर्च.

सकाळी खाटेवर पडल्या पडल्या गुडघा ताठ ठेवून एकेक पाय वीतभर उचलते, पाच आकडे मोजते आणि सावकाश खाली ठेवते. असे दहा वेळा. मग मलप्रभेच्या वाटेने सोसेल तेवढे चालणे. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी, जिना चढताना बरा पाय आधी टाकावा व उतरताना दुखरा, हे डॉक्टरांनीच शिकवले. पावसाळ्यात दुखणे वाढते असे आपण सगळ्याच म्हणतो. अभ्यासकांचे त्यावर एकमत नाही. परंतु झडीच्या दिवसांत चालणे थांबते, हे तर खरे! म्हणून तेव्हा मी पडवीतच फेऱ्या घालते आणि रात्री गरम पाण्याची पिशवी घेते.

वजनाचा हिशेब तर शाळेत शिकवावा असा आहे. अमेरिकेतील एका संशोधनात २००५ साली असे आढळले, की वजन एक किलो उतरले तर पावलागणिक गुडघ्यावरचा भार चार किलोंनी हलका होतो. रात्रीच्या भातातली एक मूद कमी करायला मला याहून मोठा उपदेश लागला नाही.

बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांपासून मात्र सावध राहावे. त्यांत कधीकधी स्टिरॉइड मिसळलेले असते. वेदनाशामक गोळ्याही डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात; पोट आणि मूत्रपिंडे त्यांची किंमत मोजतात.

इतके करूनही रात्रीची झोप उडाली, चार पावले टाकणे अशक्य झाले, तर शस्त्रक्रिया आहे. अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान असताना २००० साली त्यांचा डावा आणि २००१ साली उजवा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलण्यात आला, तेव्हा घरोघरी तिची चर्चा झाली. २०१७ साली सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली आणि सामान्यांना थोडा धीर आला.

सर्वांत अवघड गेली ती पंगत. पाटावर मांडी घालून, पानाभोवतीची रांगोळी पाहत जेवण्यात जे सुख होते, ते टेबलाशी नाही. पंगतीत खुर्ची मागणे म्हणजे म्हातारपण जाहीर करणे, असे वाटून माझ्या वयाच्या कितीतरी बायका लग्नामुंजींना जाईनाशा झाल्या आहेत. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते, की पाट सुटला तरी पंगत सोडू नये. एकीने खुर्ची मागितली की तिच्यामागून चौघी मागतात, हे मी पाहिले आहे. आणि वाढणारी पोरे खुर्चीवरच्या आजीला जिलबीचा आग्रह जरा जास्तच करतात!