आशयाआधी सूर

कविता किंवा कथा वाचून झाली की तिची ‘मध्यवर्ती कल्पना’ सांगायची, ही सवय आपल्याला शाळेत लागते आणि पुढे आयुष्यभर सुटत नाही. उत्तरेही ठरलेली असतात: निसर्गप्रेम, आईची माया, गरिबीचे चटके, जीवनाची क्षणभंगुरता. ही उत्तरे चुकीची असतात असे नाही, पण ती विषयापाशी थांबतात आणि आशयापर्यंत पोहोचत नाहीत. मृत्यू हा शेकडो कवितांचा विषय आहे. त्यातली एक कविता मृत्यूला भिते, दुसरी त्याच्याशी भांडते, तिसरी त्याला घरचा पाहुणा समजून आत घेते. या तिन्हींची मध्यवर्ती कल्पना ‘मृत्यू’ अशी लिहिली तर त्यांच्यात फरक करणारी गोष्टच हातातून निसटते. ही गोष्ट म्हणजे सूर: बोलणाऱ्याची विषयाकडे, ऐकणाऱ्याकडे आणि स्वतःकडे पाहण्याची वृत्ती. कथा-कविता वाचण्याचे आणि वाचून दाखवण्याचे काम करताना माझे एक मत पक्के होत गेले आहे. आशय आधी ठरवून सूर त्याला चिकटवता येत नाही; आधी सूर ओळखायचा आणि त्याच्या आधाराने आशयाकडे जायचे. आणि सूर ओळखणे ही अंदाजाची बाब नसून पुराव्याने सिद्ध करण्याची बाब आहे.

याचा एक फार जुना दाखला आपल्याच मातीतला आहे. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या, महाराष्ट्री प्राकृतातल्या ‘गाथासप्तशती’त एक गाथा आहे. एक स्त्री एका धार्मिक गृहस्थाला सांगते की आता तुम्ही इथे खुशाल हिंडा. तुम्हाला त्रास देणारे ते कुत्रे गोदाकाठच्या झाडीत राहणाऱ्या सिंहाने आज मारून टाकले. शब्द पाहिले तर ही परवानगी आहे, नव्हे, दिलासा आहे. पण कुत्र्याला भिणाऱ्या माणसाला सिंहाची बातमी देऊन कोणी निर्धास्त करत नसते. ती झाडी हे तिचे प्रियकराला भेटण्याचे ठिकाण आहे आणि फुले तोडायला येणारा हा गृहस्थ तिथे नको आहे, असे टीकाकार सांगतात. नवव्या शतकात आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त ही गाथा घेतली, ती हेच दाखवायला की वाच्य अर्थ ‘या’ म्हणत असताना सूचित अर्थ ‘येऊ नका’ म्हणू शकतो. मध्यवर्ती कल्पना शोधणारा घाईचा वाचक इथे ‘परोपकार’ असे लिहून मोकळा होईल. बाईच्या आवाजातली अतिरिक्त आस्था ज्याला ऐकू येते, त्यालाच गाथेचा आशय सापडतो: धिटाई, चातुर्य आणि प्रेमातली निकड.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही. सूर जर शब्दांत लिहिलेला नसेल, तर तो प्रत्येकाला वेगळा ऐकू येणार. मग एकाचे वाचन बरोबर आणि दुसऱ्याचे चूक हे ठरवायचे कोणी? आय. ए. रिचर्ड्‌स यांनी केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांना कवींची नावे झाकून कविता दिल्या आणि त्यांच्या लेखी प्रतिक्रियांचा अभ्यास 1929 साली ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ या ग्रंथात मांडला. चांगल्या शिकलेल्या वाचकांनीही कविता कशा उलटसुलट वाचल्या, हे त्या ग्रंथाने उघड केले. आक्षेप घेणारे याकडे बोट दाखवू शकतात. पण रिचर्ड्‌स यांचा निष्कर्ष ‘ज्याचे त्याचे वाचन’ असा नव्हता. वाचक कुठे घसरले हे त्यांना नेमके दाखवता आले: कोणी कवितेतल्या एका शब्दावरून स्वतःच्या आठवणीत हरवले, कोणी विषय पाहताच ठरावीक भावना पुढे केली, कोणी साधे वाक्यच नीट लावले नाही. चूक दाखवता येते याचाच अर्थ बरोबर वाचनालाही काही निकष आहेत. आपल्याकडे महिमभट्टाने ‘व्यक्तिविवेका’त आनंदवर्धनाला विरोध केला तो असा, की ध्वनी, म्हणजे अर्थ सूचित करणे, ही वेगळी शक्ती मानायचे कारण नाही, सूचित अर्थ अनुमानानेच कळतो. त्या वादात कोणाची बाजू घ्यावी हा प्रश्न बाजूला ठेवला तरी एक गोष्ट दोघांनाही मान्य दिसते: सूचित अर्थाला रचनेत आधार असतो. गाथेतला सिंह हा तसा आधार आहे. तो काढून टाका, आणि उरते ते केवळ शेजारधर्माचे बोलणे.

असा आधार कुठे शोधायचा, ते बालकवींच्या ‘औदुंबर’ या आठ ओळींच्या कवितेत फार स्वच्छ दिसते. झरा, दोन्ही काठांची हिरवळ, टेकडीकडचे लहानसे गाव, शेतमळे, त्यातून जाणारी पांढरी पायवाट, काळा डोह आणि पाण्यात पाय सोडून बसलेले झाड, एवढाच ऐवज. कोणाला हे निव्वळ निसर्गचित्र वाटते, कोणाला त्यात मृत्यूची सावली दिसते. आता कवितेची चाल पाहा. नजर वाहत्या पाण्याकडून थांबलेल्या पाण्याकडे जाते. रंग हिरव्या-निळ्याकडून पांढऱ्यावरून काळ्याकडे सरकतात. पायवाट शेतमळ्यांतून निघून डोहाकडे वळते, म्हणजे माणसांपासून दूर जाते. केवळ देखावा रंगवायचा असता तर हा क्रम इतका एकमार्गी राहिला नसता, म्हणून ‘निसर्गाचे सुंदर वर्णन’ हे उत्तर अपुरे पडते. पण दुसऱ्या टोकाचे ‘मृत्यूचे भय’ हेही टिकत नाही. पाण्यावर पसरलेल्या काळेपणाला कवीने दिलेले विशेषण गोडव्याचे आहे, आणि झाडाची बैठक निवांत माणसाची आहे. भ्यालेला जीव पाण्यात पाय सोडून बसत नाही. त्या एका विशेषणाने आणि त्या एका बैठकीने सूर ठरतो: उदास, पण शांत, जगापासून दूर, पण जगावर न रुसलेला. आशय मग असा मांडता येतो: गजबजीकडून एकांताकडे जाणारी वाट अखेर अशा काळोखाशी पोहोचते जो हवाहवासा वाटतो. हे विधान आठही ओळींना सामावून घेते. ‘निसर्गप्रेम’ला शेवटच्या दोन ओळी जड जातात आणि ‘मृत्यूचे भय’ला पहिल्या चार.

कवीलाच विचारले असते तर वाद मिटला असता, असे कोणी म्हणेल. बालकवी 1918 साली, अठ्ठाविशी पूर्ण होण्याआधीच गेले. गाथांच्या कर्त्यांबद्दल तर आपल्याला फारच थोडे ठाऊक आहे. पण कवी समोर असता तरी त्याचे उत्तर ही एका जाणत्या वाचकाची साक्ष ठरली असती, निकाल नव्हे. त्याने मनात काय योजले यापेक्षा कागदावर काय उतरले ते वाचकाच्या हाती असते. कवीचे चरित्र प्रश्न विचारायला मदत करते. बालकवींच्या आयुष्यातली उदासी ठाऊक असली तर आपण काळ्या डोहाकडे अधिक लक्ष देऊ. पण तेवढ्यावरून त्या गोड विशेषणाला कडू करण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही.

कथेत सूर ओळखणे अधिक अवघड असते, कारण तिथे घटना लक्ष वेधून घेतात आणि निवेदकाचा आवाज मागे राहतो. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’मधले (1949) ‘धर्मा रामोशी’ घ्या. फाटक्या कपड्यांतल्या धर्माला निवेदकाकडून जुने धोतर मिळते. ते त्याच्या अंगावर मात्र दिसत नाही, आणि शेवटी ते कुठे गेले हे कळते: त्याच्या मुलीने ते लुगड्यासारखे नेसलेले असते. ‘ग्रामीण दारिद्र्य’ हा याचा विषय खराच. पण माडगूळकर दारिद्र्यावर एक अवजड शब्द खर्च करत नाहीत. लहान वाक्ये, पाहिलेले तेवढेच सांगणे, हळहळ टाळणे. हा आवरलेला सूर केवळ शैलीची आवड म्हणून आलेला नाही. मोठ्या आवाजात कळवळा व्यक्त झाला असता तर धर्मा दयेचा विषय झाला असता आणि वाचक देणाऱ्याच्या बाजूला सुखाने बसला असता. आवरलेल्या सुरामुळे नजर देणाऱ्याकडेही वळते: दिलेल्या वस्तूचे काय व्हावे हे आपणच ठरवून ठेवले होते, घेणाऱ्याची गरज मात्र आपल्याला दिसलीच नव्हती. आशयाची ही अर्धी बाजू घटनांच्या सारांशात कधीच येणार नाही. ती निवेदकाने काय बोलायचे टाळले त्यातून येते.

आणखी एक आक्षेप असा, की चांगल्या साहित्यात एकच सूर नसतो, मग ‘सूर ओळखा’ म्हणण्यात काय अर्थ? हे अर्धे खरे आहे. बा. सी. मर्ढेकरांची ओल्या पिपात मेलेल्या उंदरांची कविता पादाकुलकाच्या सोळा मात्रांत, म्हणजे सहज गुणगुणावे अशा चालीत जाते आणि सांगते ते मात्र कोंडून, निमूटपणे आलेले मरण. चाल एका बाजूला ओढते आणि चित्र दुसऱ्या. त्यातला एक सूर खरा आणि दुसरा खोटा असे ठरवायला गेलो तर कविता हातची जाते. मरणही यंत्राच्या ठेक्यात बसवले गेले आहे, ही त्या कवितेची जाणीव या विसंगतीतूनच उभी राहते. सूर ओळखणे म्हणजे एखादे लेबल डकवणे नव्हे. सुरांचे आपसातले नाते ओळखणे. मर्ढेकरांच्याच ‘काही कविता’ (1947) या संग्रहावर अश्लीलतेचा खटला झाला आणि त्यातून ते निर्दोष सुटले. शब्द सुरापासून तोडून वाचले की काय होते, याचा मराठीतला हा ठळक दाखला आहे. शब्द तेच होते. ते कोणत्या व्याकुळतेतून आले, हे आरोप करणाऱ्यांनी ऐकले नव्हते.

एवढी चिरफाड केली तर आनंद कुठे उरला, असे विचारणाऱ्या वाचकाबद्दल मला आदर आहे, कारण त्याला आनंद गमावण्याची भीती वाटते, म्हणजे त्याला तो मिळालेला आहे. पण ‘औदुंबर’मधल्या त्या विशेषणाकडे एकदा लक्ष गेले की पुढच्या वाचनात ते अधिकच खोल लागते. कमी होतो तो आनंद नव्हे, मोघमपणा.

म्हणून वाचकांना आणि विशेषतः मराठी शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे. कविता आधी मोठ्याने वाचा, कथेचे पहिले आणि शेवटचे पान एका बैठकीत पुन्हा वाचा. कोण बोलते आहे, कोणाशी, आणि काय बोलायचे टाळते आहे, हे विचारा. आशय एका शब्दात लिहू नका, पूर्ण वाक्यात लिहा, आणि मग रचनेतली अशी जागा शोधा जी त्या वाक्यात बसत नाही. ती सापडली तर रचना वाकवू नका, आपले वाक्य बदला. विद्यार्थ्याने वेगळे उत्तर लिहिले तर त्याला मार्गदर्शिकेतले उत्तर ऐकवण्याआधी एवढेच विचारा, की हे तुला कुठे दिसले? त्याने ओळीवर बोट ठेवले, तर त्याचे उत्तर ऐकून घेणे हे आपले कर्तव्य आहे.