पाव सेकंद

मागच्या वर्षी मी एक जुना लाकडी कॅमेरा विकत घेतला. चार बाय पाच इंची फिल्मचा आणि लोहाराच्या भात्यासारखा भाता असलेला. आई म्हणाली, "फोनमध्ये तीन-तीन कॅमेरे आहेत, हा चौथा कशाला?" प्रश्न बरोबर होता. उत्तर सापडायला मला काही महिने लागले.

ज्यांनी असा कॅमेरा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पुढे लेन्स, मागे दुधी काच आणि मध्ये भाता. समोरचं चित्र काचेवर उमटतं, पण डोकं खाली, पाय वर आणि डावं-उजवं बदललेलं. ते अंधुक असतं म्हणून डोक्यावर काळं कापड घेऊन बघायचं. फोकस जुळला की लेन्स बंद करायची, शटर ताणायचं, काचेपुढे फिल्मचा होल्डर सरकवायचा, त्याची डार्क स्लाइड उपसायची आणि मग केबल दाबायची. एका होल्डरमध्ये दोनच शीट, एकेका बाजूला एक. एका शीटच्या पैशांत छप्पनवर दोघांचा पोटभर नाश्ता होतो. त्यामुळे केबल दाबण्याआधी माणूस आपोआप विचार करायला लागतो.

होल्डरमध्ये फिल्म भरायची ती पूर्ण अंधारात. लाल दिवासुद्धा चालत नाही. शीटच्या कोपऱ्यात बारीक खाचा असतात. शीट उभी धरून त्या खाचा वर उजवीकडे आल्या, की रसायनाचा थर आपल्या बाजूला आहे असं समजायचं. आमच्या न्हाणीघराला खिडकी नाही, याचा पहिल्यांदाच उपयोग झाला. आधी आठवडाभर एका वाया गेलेल्या शीटवर डोळे मिटून सराव केला. मग एका रात्री दाराखाली टॉवेल सरकवून खरी फिल्म भरली. अंधारात बोटांना किती कळतं हे तेव्हा समजलं.

पहिला फोटो राजवाड्याचा. रविवारी सकाळी साडेसहाला तिपाई लावली. उंच इमारतीसाठी फोन वर तिरका केला की इमारत मागे झुकल्यासारखी दिसते. या कॅमेऱ्यात कॅमेरा सरळ ठेवून नुसती लेन्स वर सरकवता येते. राजवाड्याचे सात मजले, खालचे तीन दगडी आणि वरचे चार लाकडी, काचेवर अगदी ताठ उभे राहिले, अर्थात उलटे. शेजारच्या पोहेवाल्याने विचारलं, "मैडम, सर्वे चल रहा है क्या? रोड चौड़ा होगा?" मी त्याला कापडाखाली बोलावलं. त्याने बघितलं आणि लगेच चहावाल्याला हाक मारली. त्या सकाळी एक फोटो निघाला आणि सात-आठ जणांनी राजवाडा उलटा पाहिला.

हे खूळ इंदूरला नवं नाही. हैदराबादच्या वाचकांना राजा दीनदयाळ हे निजामाचे छायाचित्रकार म्हणून ठाऊक असतील. पण रुडकीला शिकून ते १८६६ मध्ये नोकरीला आले ते इंदूरच्या बांधकाम खात्यात. कॅमेरा त्यांनी हातात घेतला तो इथेच, आणि त्यांना प्रोत्साहन देणाऱ्यांत महाराज तुकोजीराव दुसरे होते. त्यांच्या काचेच्या अडीच हजारांहून अधिक निगेटिव्ह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. मी हलकी फिल्म घेऊन फिरते, ते जड काचा घेऊन फिरत. पण काळं कापड तेच आणि उलटं चित्रही तेच.

मला मात्र खरा फोटो हवा होता तो आजीचा.

आजी ८४ वर्षांची आहे. तीन वर्षांपासून तिच्या हातांना कंप आहे आणि तेव्हापासून ती फोटोत येत नाही. दादाच्या लग्नात सगळ्यांचा फोटो निघताना ती मुद्दाम आत जाऊन बसली होती. फोन समोर धरला की हात पदराखाली जातात आणि चेहराही मिटतो. म्हणून मी फोटोचं नावच काढलं नाही. एप्रिलमधल्या एका सकाळी कॅमेरा ओसरीवर लावला आणि तिला नुसतं कापडाखाली बोलावलं.

"अगं, तुळस छताला लटकलीय!" ती आतून ओरडली. बराच वेळ बाहेर आली नाही. मग म्हणाली, "आणि मी बसले तर?"

खिडकीजवळ उंच पाठीच्या खुर्चीत तिला बसवलं, डोकं पाठीला टेकवलं. एवढ्या जवळून फोकस जेमतेम चार बोटं खोल असतो, त्यामुळे मान हलून चालत नाही. त्या उजेडात पाव सेकंद लागणार होता. मी तिला स्पष्ट सांगितलं, "आजी, चेहरा नीट येईल, पण हात पुसट येतील. पदराखाली घेतेस का?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. "हलतायत ना? मग हलताना येऊ देत."

होल्डर लावला की काच झाकली जाते, कापडाखाली बघायला काही उरत नाही. मी कॅमेऱ्याशेजारी उभी राहिले आणि सरळ तिच्याकडे पाहिलं. तीही माझ्याकडे बघत होती. आमच्या दोघींच्या मध्ये फोन नव्हता, की माझा चेहरा कशाआड नव्हता. मी केबल दाबली.

दुसऱ्या शीटवर तिने माझा फोटो काढला. फोकस मी दादाकडून जुळवून घेतला, केबल तिने दाबली. हाताची थरथर कॅमेऱ्यापर्यंत पोचू नये म्हणूनच ती लवचिक केबल असते.

फिल्म धुण्याचं रसायन २० अंशांवर लागतं आणि एप्रिलमध्ये आमच्या नळाला कोमट पाणी येतं. बाटली बर्फाच्या बादलीत ठेवून ते थंड केलं. अंधारात साडेसात मिनिटं डेव्हलपर, मग स्टॉप, मग फिक्सर. दिवा लावला तेव्हा निगेटिव्हमध्ये आजीचे पांढरे केस काळेभोर दिसत होते. एवढी मोठी निगेटिव्ह थेट कागदावर ठेवूनही छापता येते, तशीच छापली. चेहऱ्यावरची एकेक सुरकुती स्वच्छ आली. मांडीवर मात्र हातांच्या जागी धुकं होतं. तिने काढलेला माझा फोटो काठोकाठ स्पष्ट आला.

आजीने दोन्ही फोटो खिडकीशी नेऊन पाहिले. माझा फोटो परत देत म्हणाली, "हा बघ, माझा हात कुठे हललाय?" स्वतःचा फोटो तिने दिला नाही, पोथीत ठेवला.

गणपतीत सगळे जमले तेव्हा फोटोची वेळ आली. ती आत गेली नाही. मधल्या खुर्चीत बसली आणि दोन्ही हात पदरावर ठेवले.