मामाच्या जीपचा मफलर

वीकेंडला महाबळेश्वर गाठायचं होतं. गाठलं पोलादपूरचं गॅरेज!

मफलर म्हटलं की काय आठवतं? डिसेंबरात आजोबांच्या कानांभोवती असतो, तो! पण गाडीलाही मफलर असतो, बरं का. आपण त्याला सायलेन्सर म्हणतो आणि तो गळून पडेपर्यंत त्याची आठवणही काढत नाही. माझ्या मामाच्या जीपचा पडला. सप्टेंबरातल्या शनिवारी, महाड-पोलादपूरच्या मधे, भर हायवेवर. आंबेनळी घाटातून महाबळेश्वरला जायचा माझा प्लॅन तिथेच बोंबलला.

मामाची जुनी डिझेल जीप म्हणजे घरातलं माणूसच. वाडीतल्या कुणाला रात्री-अपरात्री महाडला दवाखान्यात न्यायचं, तर हीच निघते. तिचा एक्झॉस्ट पार मागे जात नाही. उजव्या बाजूलाच, मागच्या चाकाच्या अलीकडे बाहेर निघतो. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचाही तसाच होता. अमेरिकेत तर 1965 च्या कॉर्व्हेटला कंपनीच ‘साइड पाइप’चा ऑप्शन द्यायची. सॉलिड ना? मग मीही जाहीर करून टाकलं, ‘‘नवा सायलेन्सर माझ्याकडून. पण आवाज दणदणीत पाहिजे!’’

गॅरेजमधल्या मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. ‘‘मॅडम, दणदणीत करायला अक्कल लागत नाही. गप्प करायला लागते.’’

डबा की जाळी?

पुढचा अर्धा तास माझा क्लासच झाला. सायलेन्सर मुख्यतः दोन तऱ्हांचे. एकात सरळ जाळीदार पाइप आणि त्याभोवती ग्लास वूल. तो वरच्या पट्टीतला कर्कश आवाज शोषतो, पण खालचा घुमणारा ‘भ्भूऽऽ’ बराचसा तसाच राहतो. शिवाय वूल डिझेलच्या काजळीने भरतं आणि पाण्याने भिजतं. महाडच्या पावसात त्याचा काय निभाव लागणार? दुसरा डब्याचा. आत पत्र्याचे पडदे घालून कप्पे केलेले. आवाजाच्या लाटा आतल्या आत आपटून परततात आणि एकमेकींना मारतात. घुमणारा आवाज मारायला डबा मोठा हवा. आणि गोची नेमकी तिथेच! साइडच्या पाइपला लांबी कमी, इंजिन जवळ आणि माणसांचे कान त्याहून जवळ.

मिस्त्रींनी तोडगा काढला. गोल डब्याऐवजी चपटा, लांबट डबा. चासिसच्या खाली लोंबणार नाही, म्हणजे दगड लागणार नाही. आतली वाट मूळ पाइपाहून कुठेही अरुंद नाही, नाहीतर धूर तुंबतो आणि गाडी चढाला दम टाकते. तळाशी एक बारीक भोक, कारण धुरातली वाफ गार होऊन पाणी साचतं आणि डबा आतूनच सडतो. टांगायला रबर. पाय भाजू नये म्हणून बाहेरून, थोडं अंतर सोडून, पत्र्याचं कव्हर.

‘‘आणि तोंड डावीकडे काढलं तर?’’ मी उगाच विचारलं.

‘‘कायद्यात बसत नाही.’’ खरंच! 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मोटारीचा धूर खाली किंवा डावीकडे सोडता येत नाही. डाव्या कडेने माणसं चालतात, हे मिस्त्रींचं स्पष्टीकरण.

डोकं का दुखायचं?

मग त्यांनी जुना पाइप उचलून दाखवला. जोडाला चीर आणि टोक फूटबोर्डच्या आतच संपलेलं. ‘‘पावसात ताडपत्री लावली की डोकं दुखतं का?’’

मामा गप्प. मग हळूच म्हणाला, ‘‘मला वाटायचं, वय झालं.’’

बंद ताडपत्रीच्या आत शिरणारा धूर. त्यात कार्बन मोनॉक्साइड, ज्याला वासही नसतो. मागे आडवा केलेला पेशंट आणि शेजारी बसलेली त्याची माणसं माझ्या डोळ्यांसमोर आली. आणि मी कशाची चॉइस करत होते, तर आवाजाची! नवं टोक बॉडीच्या बाहेर काढून उजवीकडे वळवलं, जोड पक्का वेल्ड केला.

संध्याकाळी घाटाच्या तोंडापर्यंत ट्रायल घेतली. धुकं उतरलेलं, पुढचं वळण दिसेना. मामाने अचानक जीप कडेला घेतली. मला कळेना. दोनेक सेकंदांनी धुक्यातून एसटी बाहेर आली.

‘‘हॉर्न ऐकला नाहीस? घाटात डोळ्यांआधी कान लागतात, बाय.’’

जुन्या सायलेन्सरवर तो ऐकू आला असता? आणि माझ्या दणदणीतवर? महाबळेश्वर राहिलं. पण पैसे अगदी वसूल!

तुम्हीही जा!

मुंबईहून महाड साधारण 170 किलोमीटर, तिथून पोलादपूर आणखी वीसेक. महाडला चवदार तळं बघाच. डॉ. आंबेडकरांचा 20 मार्च 1927 चा सत्याग्रह इथलाच. रायगड महाडपासून पंचवीसेक किलोमीटरवर. पोलादपूरजवळ उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे. पावसाळ्यात घाट सुरू आहे ना, याची चौकशी करूनच निघा. आणि हो, निघण्याआधी गाडीखाली एकदा वाकून बघा!