वर्ध्याहून उन्हाळी अभ्यासाला

परदेशातील उन्हाळी अभ्यासक्रमाची तयारी पासपोर्टपासून सुरू होते. वर्धा जिल्हा नागपूरच्या प्रादेशिक पारपत्र कार्यालयाच्या अखत्यारीत येतो. खरी मेख असते नावात. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे, मग वडिलांचे. पासपोर्टच्या अर्जात मात्र आडनावाचा रकाना वेगळा. आधार, गुणपत्रिका आणि अर्ज यांत एका अक्षराचाही फरक नको, म्हणून हे काम दिवाळीआधीच उरकलेले बरे.

मग व्हिसा. शेंगेन देशांसाठी परतीच्या तारखेनंतरही किमान ३ महिने वैध पासपोर्ट आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. अमेरिकेच्या मुलाखतीसाठी बहुतेकांना रात्रीच्या विदर्भ किंवा सेवाग्राम एक्सप्रेसने मुंबई गाठावी लागते.

मे महिन्यात वर्ध्यात पारा ४५ अंशांवर असताना बॅगेत स्वेटर ठेवणे पटत नाही. पण उत्तर युरोपात जूनची संध्याकाळही गार असते. युरोपीय संघात बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. त्यामुळे आईने प्रेमाने भरलेला तुपाचा डबा घरीच राहतो, आणि त्याच्या जागी जवसाची कोरडी चटणी जाते, दुहेरी पिशवीत घट्ट बांधून. नेहमीची औषधे मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेतच ठेवावीत.