डबीत नसलेले रंग

माझं लहानपण गोंदियाला चिकटून असलेल्या फुलचूरला गेलं. पावसाळा लागला की धानाच्या बांध्यांमध्ये पऱ्हे, म्हणजे रोवणीची रोपं, उगवायचे. त्यांचा कोवळा पोपटी माझ्या बारा खडूंच्या डबीत नव्हता. पिवळ्यावर हिरवा घासला, तर कागदावर नुसता मेणाचा लगदा व्हायचा. मग पऱ्हे, रोवणी झालेलं धान, आंब्याचं झाड, सगळं एकाच हिरव्यात उरकायचं. माणसांसाठी एक गुलाबीसर कांडी होती. तिला आम्ही 'कातडी कलर' म्हणायचो. रोवणीहून आलेली आई मी त्या कांडीने रंगवली, तर चित्र बघून ती म्हणाली, "हे कोन होय गा?"

अमेरिकेत क्रायोलाने आपल्या 'फ्लेश' खडूचं नाव १९६२मध्येच बदलून 'पीच' केलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. आमच्या डबीपर्यंत ते शहाणपण आलेलं नव्हतं.

डबीबाहेरचा पहिला रंग होळीने दिला. माझी आजी पळसाची फुलं मोठ्या गंजात उकळायची. फूल शेंदरी असायचं, पण पाणी केशरी-पिवळं उतरायचं. रंग करावा लागतो, तो आयता मिळत नाही, हे मी त्या गंजापाशी शिकलो.

पुढे लेकीसाठी जुन्या संगणकावर टक्स पेंट टाकलं. बिल केंड्रिक यांनी २००२मध्ये मुलांसाठी आणलेला हा मोफत प्रोग्राम. त्यातले रंग आपल्याला बदलता येतात. एक साधी फाइल लिहायची. प्रत्येक ओळीत लाल, हिरवा, निळा यांचे ० ते २५५मधले आकडे आणि पुढे रंगाचं नाव. या तीन आकड्यांतून १,६७,७७,२१६ रंग होतात. मला त्यातले तीनच हवे होते.

पळस लगेच जमला : २४०, ८५, २०. पऱ्ह्यांना थोडा वेळ लागला. आईचे हात मात्र जमेनात. एकाच फोटोत ते उन्हात वेगळे दिसत, सावलीत वेगळे. आकडे खोडत खोडत १२०, ७८, ५२वर थांबलो आणि पुढे लेकीच्या नात्याने नाव लिहिलं : आजी.

लेकीने तो रंग निवडला, खाली आलेलं नाव वाचलं आणि आधी बांधीतला चिखल रंगवला. मग त्याच रंगाचे दोन हात त्या चिखलातून वर काढले. हातांत पऱ्ह्यांची जुडी होती.