क्रमांक ९५१

मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांदरम्यान लक्षावधी लहानमोठे पाषाण सूर्याभोवती फिरत आहेत. त्या पट्ट्याच्या आतल्या, म्हणजे सूर्याकडच्या भागात ‘गॅस्प्रा’ नावाचा एक लघुग्रह आहे. क्रिमियातील सिमेइझ वेधशाळेत ग्रिगोरी न्यूमिन यांनी ३० जुलै १९१६ रोजी तो शोधला. यादीत त्याला ९५१ हा क्रमांक मिळाला आणि नाव मिळाले ते याल्टाजवळच्या एका गावाचे. १९०१-०२ मध्ये लिओ टॉलस्टॉय हवापालटासाठी त्याच गावी राहिले होते.

नाव मिळाले तरी ओळख झाली नव्हती. पुढची पंचाहत्तर वर्षे दुर्बिणीतून दिसणारा गॅस्प्रा म्हणजे प्रकाशाचा एक ठिपका होता. सूर्याभोवतीची त्याची फेरी सुमारे सव्वातीन वर्षांची आणि स्वतःभोवतीची सात तासांची, एवढे कळले होते. रूप मात्र कोणी पाहिले नव्हते.

ते पाहिले गुरूकडे निघालेल्या ‘गॅलिलिओ’ यानाने. २९ ऑक्टोबर १९९१ रोजी ते गॅस्प्रापासून सुमारे १,६०० किलोमीटरवरून गेले. लघुग्रहाचे इतके जवळून दर्शन मानवाला प्रथमच घडत होते. परंतु त्यापूर्वीच, एप्रिलमध्ये, यानाची छत्रीसारखी उघडणारी मुख्य अँटेना अर्धवट उघडून अडकली होती. म्हणून छायाचित्रे टेपवर साठवली गेली आणि लहान अँटेनातून कूर्मगतीने पाठवावी लागली. पहिले चित्र नोव्हेंबरमध्ये हाती आले. उरलेल्यांसाठी पुढच्या वर्षापर्यंत थांबावे लागले.

१९९१ च्या जूनमध्ये मी पाचवीत, आपल्या वसतिगृहात दाखल झालो होतो. माझ्या ताटावर, पेटीवर आणि वळकटीवर एकच क्रमांक होता. रविवारी आम्ही घरी पोस्टकार्ड लिहीत असू. आईला अक्षरओळख नव्हती. शेजारचे काका तिला पत्र वाचून दाखवीत आणि तिच्या सांगण्यावरून उत्तर लिहीत. ते यायला दोन-तीन आठवडे जात. त्यात चारच ओळी असत. पण त्या येतील याविषयी मला कधी शंका वाटली नाही. पुढे विज्ञानशिक्षक झाल्यावर गॅलिलिओची हकीकत वाचली, तेव्हा ती अरुंद वाट मला परकी वाटली नाही.

चित्रात दिसला तो वेडावाकडा दगड, सुमारे १८ किलोमीटर लांब आणि ९ ते १० किलोमीटर जाड. अंगावर सहाशेहून अधिक लहान विवरे. मोठी विवरे मात्र थोडी. त्यावरून शास्त्रज्ञांनी अनुमान काढले की, हा एखाद्या मोठ्या पिंडाचा तुकडा असून खगोलीय कालमानाने अलीकडेच फुटून वेगळा झाला असावा. त्या विवरांना बाथ, स्पा, रोटोरुआ अशी जगभरच्या आरोग्यस्थळांची नावे दिली आहेत. घाव बसलेल्या जागांना बरे होण्याच्या गावांची नावे!

हे चित्र मी दर वर्षी वर्गात दाखवतो. एकदा एका मुलीने विचारले, “सर, यान तर गुरूकडे चाललं होतं ना? मग वाटेत हा आपोआपच दिसला असेल.” मी तिला सांगितले, आपोआप काही दिसत नाही. यानाचा मार्ग गॅस्प्राजवळून जाईल असा आखावा लागला. त्याचे नेमके स्थान पृथ्वीवरून पुरेसे ठाऊक नव्हते, म्हणून यानाने आधीच दुरून चित्रे घेतली आणि त्यांवरून हिशेब करून कॅमेरा रोखला गेला.

हे सांगताना मला आपले वसतिगृहप्रमुख आठवले. रात्री दिवे मालवण्यापूर्वी त्यांची फेरी असे. पत्र न आलेला मुलगा कोणता, हे त्यांना आधीच माहीत असे. त्याच्या वळकटीपाशी ते थांबत आणि त्याला नावाने हाक मारत.